सेसना १७२, घरच्या टेबलावर: प्रकल्प नोंदी

२ मे, इंदूर

हद्द आधी आखून घेतो, नाहीतर हे काम पसरत जाईल. प्रश्न एवढाच: घरच्या कॉम्प्युटरवर उडणाऱ्या विमानाचं उडणं किती खरं असतं? ढग, धावपट्टीवरचे दिवे, कॉकपिटमधले घासलेले स्क्रू हे सगळं हद्दीबाहेर. फक्त बलं आणि त्यांनी होणारी हालचाल.

निमित्त भाच्याचं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीला इकडे आलाय. कुठला सिम्युलेटर जास्त 'रिअल', यावर त्याचे मित्र रात्र-रात्र भांडतात. एकाला विमान फार स्थिर वाटतं, दुसऱ्याला फार हलकं, तिसऱ्याला कुठलाच पटत नाही. सगळं भांडण 'वाटतं' या एका क्रियापदावर. मी पीथमपूरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या टेस्टिंगमध्ये. जवळच नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. तिथून 'गाडी बरी वाटली' एवढंच लिहिलेला रिपोर्ट घेऊन कोणी आला तर त्याला चहासुद्धा मिळणार नाही. भाच्याला म्हटलं, वाटणं ठेव बाजूला, मोजून बघू.

विमान ठरलं: सेसना १७२पी. फ्लाइटगियर हा फुकट सिम्युलेटर उघडला की तेच समोर येतं, त्याच्या हस्तपुस्तिकेतले आकडे सहज मिळतात, आणि माझा आतेभाऊ तरुणपणी फ्लाइंग क्लबमध्ये त्याच जातीच्या विमानावर शिकला. दादा आता साठीला टेकलाय, पण विमानाचा विषय निघाला की ताट बाजूला सारून बोलतो.

४ मे

कसोटीचे आकडे वहीत उतरवले. इंजिन १६० अश्वशक्तीचं. कमाल वजन २,४०० पौंड. समुद्रसपाटीवर, प्रमाण हवेत, जमिनीवरची धाव ८९० फूट; ५० फुटांचा अडथळा ओलांडेपर्यंत एकूण १,६२५ फूट. चढण्याचा वेग मिनिटाला ७०० फूट. व्यवहारातली कमाल उंची १३,००० फूट. इंजिन बंद पडलं तर तरंगत उतरायचा सर्वात चांगला वेग ६५ नॉट (ताशी सागरी मैल).

प्रमाण हवा म्हणजे १५ अंश सेल्सिअस आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल. इंदूरच्या मे महिन्याशी या हवेचा काहीही संबंध नाही, पण त्याचं नंतर.

५ मे

लाइट गेली. काम शून्य.

९ मे

सिम्युलेटर विमान हलवतो कसा, हे भाच्याला समजावताना दोन पद्धती नीट वेगळ्या काढाव्या लागल्या.

पहिली तक्त्यांची. पंख समोरून येणाऱ्या हवेला ज्या कोनात सामोरा जातो तो अँगल ऑफ अटॅक. या कोनाला इतकी लिफ्ट (वर उचलणारं बल), इतका ड्रॅग (मागे ओढणारं बल), नाक खाली दाबणारा मोमेंट इतका, असे आकडे विंड टनेलमधून किंवा खऱ्या उड्डाणांतून काढलेले असतात. सिम्युलेटर दर क्षणी तक्त्यात बोट ठेवतो आणि आकडा उचलतो. फ्लाइटगियरमधल्या सेसनामागे हा हिशोब करणारा जो प्रोग्रॅम आहे तो जेएसबीसिम, जॉन बर्न्ट यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला. त्यात हे तक्ते साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात; नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतात, बदलता येतात. मला हे फार आवडलं. झाकण उघडून आत बघता येत नाही त्या यंत्रावर माझा विश्वास बसत नाही.

दुसरी पद्धत तुकड्यांची. ऑस्टिन मायर यांचा एक्स-प्लेन या वाटेने जातो. पंख, शेपूट, प्रोपेलर यांचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर हवा कुठून आणि किती वेगाने येते ते काढायचं, त्यावरचं बल काढायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. मूळ कल्पना एकोणिसाव्या शतकातली, जहाजाच्या पंख्यांसाठी विल्यम फ्रूड यांनी मांडलेली. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटरही २०२० च्या आवृत्तीत याच दिशेने गेला: विमानाच्या पृष्ठभागावर हजारेक ठिकाणी हवेचा हिशोब. त्याआधीच्या त्यांच्या आवृत्त्या तक्तेवाल्याच होत्या.

भाच्याने लगेच विचारलं, "मग तुकडेवालाच जास्त खरा ना, मामा?" नाही. वर्गात दोन मुलं आहेत असं समज. एकाचे तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ, दुसरा प्रत्येक गुणाकार बोटांवर मांडून काढतो. पहिल्याला एकोणतीस सत्ते विचारलं तर उत्तर तत्काळ आणि चोख. सदतीस सत्ते विचारलं की त्याची गाडी थांबते. दुसरा काहीही विचारलं तरी उत्तर देतो, पण प्रत्येक उत्तर थोडं इकडेतिकडे. जेएसबीसिमचा तक्ता तर थांबतही नाही. तक्ता संपला की त्यातला शेवटचाच आकडा देत राहतो, आणि पडद्यावर बघणाऱ्याला कळतही नाही की विमान तक्त्याबाहेर गेलंय.

आणखी एक गोष्ट भांडणात नेहमी विसरली जाते. बलं किती ते सांगणारा भाग वेगळा, आणि बलं मिळाल्यावर विमान कुठे जाईल ते काढणारा भाग वेगळा. दुसरा भाग म्हणजे न्यूटन, फिरणारी पृथ्वी आणि बराच कंटाळवाणा हिशोब. नासाने वेगवेगळे सिम्युलेशन प्रोग्रॅम एकाच ठरावीक कसोट्यांवर ताडून पाहिले, त्यात जेएसबीसिमही होता. तो भाग बहुतेक ठिकाणी चोख असतो. खोट असलीच तर ती आकड्यांत.

११ मे

फक्त दुसऱ्याचा प्रोग्रॅम मोजत बसण्यापेक्षा स्वतःचा एक छोटा करावा असं ठरलं. पायथॉन, एकच फाइल. विमान फक्त पुढे-मागे आणि वर-खाली, वळणं नाहीत. भाचा टाइप करतो, मी वही धरतो.

पहिली चाचणी फुगॉइडची, म्हणजे विमानाच्या सावकाश वर-खाली हेलकाव्याची. हे नाव आणि याचा पहिला हिशोब इंग्रज इंजिनिअर लँचेस्टर यांचा, १९०८ च्या सुमाराचा. विमान ६५ नॉटवर ट्रिम करायचं (म्हणजे हात न लावता त्याच वेगावर राहील असं बसवायचं), नाक थोडं वर ओढून वेग ५५ वर आणायचा, आणि हात काढून घ्यायचा. नाक खाली जातं, वेग वाढतो, वाढल्या वेगाने लिफ्ट वाढते, विमान वर येतं, वेग पडतो, परत तेच. एका हेलकाव्याला किती वेळ लागतो? लँचेस्टरच्या हिशोबाने उत्तर फक्त वेगावर अवलंबून: दोनाचं वर्गमूळ, गुणिले पाय, गुणिले वेग, भागिले गुरुत्वत्वरण. विमानाचं वजन नाही, पंखांचा आकार नाही. समुद्रसपाटीला ६५ नॉट म्हणजे सेकंदाला ३३.४ मीटर, उत्तर १५ सेकंदांच्या किंचित वर.

आमच्या फाइलमध्ये तेच आलं. येणारच होतं, कारण सूत्रही त्याच भौतिकातून आलेलं. मजा पुढे आहे. हेलकावा विरतो किती लवकर, हे लिफ्ट आणि ड्रॅगच्या गुणोत्तरावर अवलंबून. तरंगणाऱ्या १७२ साठी ते साधारण ९ धरलं तर प्रत्येक फेरीला हेलकाव्याचा साधारण साठ टक्के भाग उरतो. तीन-चार फेऱ्यांत विमान शांत.

मग भाच्याला म्हटलं, वेळेची पायरी मोठी कर. साध्या ऑयलर पद्धतीत आत्ताची बलं घेऊन थेट पुढच्या क्षणावर उडी मारायची असते. सेकंदाच्या १२० व्या भागाची पायरी ठेवली (जेएसबीसिमही तेवढीच ठेवतो) तर सगळं ठीक. पायरी ०.४ सेकंदाची केली आणि हेलकावा विरेचना; उलट प्रत्येक फेरीत किंचित वाढायला लागला. भौतिक तेच, आकडे तेच, विमान मात्र बिथरलं. हवेने जी ऊर्जा काढून घ्यायला हवी तेवढी गणिताची उडी परत आत घालत होती. ब्रूस आर्टविक यांचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर ॲपल-टूवर आला तेव्हा पडद्यावर सेकंदाला मोजकीच चित्रं उमटायची. त्या काळी भौतिकाच्या कितीही चांगल्या पुस्तकाचा उपयोग मर्यादितच होता, हे आज हाताने करून पाहिलं.

१७ मे

फ्लाइटगियरमध्ये तीच चाचणी, ५,००० फुटांवर. तिथे हवा विरळ, म्हणून वेगाच्या घड्याळात ६५ नॉट दिसत असताना खरा वेग ७० च्या आसपास. लँचेस्टरचं उत्तर १६ सेकंदांच्या थोडं पुढे. सिम्युलेटरचा हेलकावा त्याच्या जवळपास, किंचित लांब. किंचित लांब असणं बरोबरही आहे, कारण लँचेस्टरच्या सूत्रात अँगल ऑफ अटॅक बदलतच नाही असं धरलेलं असतं.

'जवळपास' म्हणजे किती जवळ चालेल? यालाही मापदंड आहे. एअरलाइनचे पायलट ज्या मोठ्या, पायांवर हलणाऱ्या सिम्युलेटरमध्ये शिकतात, त्यांना अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाच्या नियमांनुसार खऱ्या विमानाच्या मोजमापांशी जुळवून दाखवावं लागतं. फुगॉइडच्या कालावधीत १० टक्क्यांचा फरक चालतो. स्टॉलच्या (कोन फार वाढून पंखाची लिफ्ट तुटण्याच्या) वेगात ३ नॉटचा. म्हणजे कोट्यवधींच्या यंत्रालाही हुबेहूब असायची सक्ती नाही. भाच्याच्या मित्रांना हे सांगितलं तर निम्मी भांडणं मिटतील, आणि मग त्यांना रात्री करायला काही उरणार नाही.

१८ मे

दादा आला. आल्या आल्या पोह्यांच्या बशीसकट कॉम्प्युटरसमोर बसला. इंदूरहून टेकऑफ घेतला, धावपट्टी क्रमांक २५. चढायला लागल्यावर त्याचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप पुढे सरकला. आमच्याकडे रडरचे, म्हणजे शेपटीची उभी फळी हलवून नाक डावी-उजवीकडे वळवायचे, पेडल नाहीत. पाय कार्टनला लागला.

"हे बघ," म्हणाला, "चढताना उजवा पाय नाही दिला आणि बॉल मधे राहिला, तर समजायचं इथे कोणीतरी लाड करतंय." बॉल म्हणजे विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी, काचेच्या नळीतली गोळी. मुद्दा पक्का. सेसनाचा प्रोपेलर पायलटच्या बाजूने घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्याचा पिळा मारणारा झोत शेपटीवर डावीकडून आदळतो. नाक वर असताना खाली येणारं उजवं पातं जास्त ओढतं. शिवाय इंजिनचा टॉर्क, म्हणजे पिळाचा उलटा जोर. सगळं मिळून नाक डावीकडे जायला बघतं. बऱ्याच घरगुती सिम्युलेटरमध्ये रडर आपोआप देणारी सोय सुरू असते, म्हणून नवशिक्याला याचा पत्ताच लागत नाही. आमच्यातही ती सुरूच होती. बंद केली, आणि बॉल उजवीकडे सरकला. दादा खूश.

जाताना मात्र तो जे बोलला ते जास्त महत्त्वाचं. "विमान बरं आहे रे. पण हातात येत नाही." यावर वेगळी नोंद करायची आहे.

२५ मे

नवतपा सुरू. घरात कुलर, कॉम्प्युटरच्या डब्याला वेगळा पंखा. गरम हवेची चाचणी करायला याहून चांगला दिवस नाही.

आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,८५० फुटांवर. त्या उंचीला प्रमाण हवेत ११ अंश असायला हवेत. बाहेर ४० धरू. प्रत्येक जादा अंशाला साधारण १२० फूट जोडायचे, हा पायलटांचा ठोकताळा. जादा अंश २९, म्हणजे जवळपास ३,५०० फूट. पंख आणि इंजिन यांच्या दृष्टीने इंदूरची धावपट्टी आत्ता सव्वापाच हजार फुटांवर आहे. मे-जूनमध्ये हवेचा दाबही १०१३ च्या खाली घसरलेला असतो. तो १००२ धरला तर आणखी तीनशे-चारशे फूट वर, म्हणजे साडेपाच हजारांच्या पुढे. मसुरीपेक्षा फार खाली नाही, फक्त थंडावा नाही.

दाबाची ही घसरण सोडून दिली तर हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाण घनतेच्या ८६ टक्के निघाली. आता आमच्या फाइलला ही उष्णता टप्प्याटप्प्याने कळू दिली.

आधी फक्त पंखांना. विरळ हवेत तेवढीच लिफ्ट मिळवायला खरा वेग पावणेआठ टक्क्यांनी जास्त लागतो. घड्याळात ५५ च दिसतात, चाकं मात्र ५९ नॉटने पळत असतात. धाव वेगाच्या वर्गाने वाढते: ८९० चे १,०३५ फूट.

मग इंजिनला कळू दिली. टर्बो नसलेलं पिस्टन इंजिन घनतेच्या प्रमाणापेक्षाही थोडं जास्त दमतं, कारण आतल्या घर्षणाला लागणारी ताकद हवा विरळ झाली म्हणून कमी होत नाही. ८६ टक्के घनतेला ताकद ८४ टक्के. प्रोपेलरलाही विरळ हवेत पकड कमी मिळते. चाकांचं घर्षण मात्र जसंच्या तसं, त्यामुळे उरलेल्या ओढीला फटका आणखी जास्त बसतो. धाव: १,३२० फूट.

हस्तपुस्तिकेच्या तक्त्यात २,००० फूट आणि ४० अंशांचा चौकोन बघितला. १,३०० च्या आत, पण अगदी टेकून. आमची उंची थोडी कमी आहे, म्हणजे आमचा आकडा किंचित जास्तच आलाय; तरी एका फाइलच्या घरगुती मॉडेलला हे फार चांगलं. भाच्याने उडी मारली. मीही मारली असती, पण कुलरची वायर पायात होती.

आता घरगुती सिम्युलेटरसाठी कसोटी तयार झाली. समुद्रसपाटीच्या विमानतळावर १५ अंशांत टेकऑफ करा, मग इंदूरहून तापमान ४० करून परत करा. वारा शून्य, वजन तेच. धाव जवळपास दीडपट झाली तर आतल्या पंखाला आणि इंजिनला दोघांनाही ऊन लागतंय. फक्त सहावा भाग वाढली तर इंजिन सावलीत बसलंय. काहीच वाढली नाही, तर उंची आणि तापमान फक्त पडद्यावर लिहायला ठेवलंय. फ्लाइटगियर पहिल्या वर्गात बसला.

चढाईचाही अंदाज केला. समुद्रसपाटीला मिनिटाला ७००, आणि १३,००० ला १०० (व्यवहारातल्या कमाल उंचीची व्याख्याच ती), मधे सरळ रेष ओढली तर आपल्या उन्हात साडेचारशेच्या आसपास. दादाला फोनवर विचारलं, तुला आठवतं का दुपारचं चढणं? म्हणाला, "दुपारी आम्हाला उडवतच नव्हते. सकाळी सहाला बोलवायचे. आत्ता कळतंय ना का ते?"

संध्याकाळी बिजासन टेकडीवर गेलो. तिथून धावपट्टी दिसते. एअरबस कुठे जमीन सोडते ते बघून काही काढायचा भाच्याचा बेत होता. तिचं वजन माहीत नाही, फ्लॅप (पंखाच्या मागच्या, खाली झुकणाऱ्या फळ्या) किती ते माहीत नाही. त्याला अर्थ नाही. देवीचं दर्शन घेऊन खाली आलो.

३१ मे

स्टॉल. इथे भांडणाऱ्यांची सर्वात मोठी गल्लत आहे.

माहितीपत्रकात लिहिलंय: फ्लॅप वर असताना स्टॉल ५१ नॉट, पूर्ण खाली असताना ४६. सिम्युलेटरमध्ये काटा ४० च्या खाली गेला तरी विमान उडतंच आहे, म्हणून सिम्युलेटर खोटा, असा निष्कर्ष भाच्याच्या एका मित्राने काढला होता. पण १७२पीच्या वेगाच्या घड्याळावर पांढरी पट्टी सुरू होते ३३ पासून. पट्टीचं खालचं टोक म्हणजेच पूर्ण फ्लॅपचा स्टॉल. मग ४६ खरं की ३३?

दोन्ही. ४६ हा चूक काढून टाकलेला वेग, ३३ हा घड्याळात दिसणारा. नाक खूप वर गेलं की वेग मोजणाऱ्या पिटो नळीत हवा तिरकी शिरते, दाब घेणारं भोकही चुकीचा दाब देतं, आणि काटा १३ नॉट कमी दाखवतो. खऱ्या विमानातली ही चूक सिम्युलेटरने दाखवली तर तो जास्त खरा, पण माहितीपत्रक हातात घेऊन बसलेल्याला तो खोटा वाटणार. तेव्हा मोजण्याआधी कुठला वेग मोजतोय ते लिहून ठेवायचं. आम्ही आता काटा बघतच नाही. प्रोग्रॅमच्या आतला आकडा थेट फाइलमध्ये उतरवतो.

७ जून

स्टॉलच्या पलीकडे.

आमच्या पायथॉनच्या विमानाला एकच पंख आहे, म्हणजे गणितात. एकच लिफ्ट, मधोमध लावलेली. अशा विमानाला स्टॉल केलं तर ते नम्रपणे नाक खाली घालतं आणि सरळ बसतं. खरं विमान असं कायम वागत नाही. एक पंख आधी पडतो, आणि सावरताना चूक झाली तर स्पिन, म्हणजे गिरक्या घेत खाली येणं.

म्हणून पंखाचे पट्टे केले, प्रत्येक बाजूला दहा, आणि विमानाला डावी-उजवीकडे कलण्याची परवानगी दिली. समजा विमान २६ मीटर प्रति सेकंदाने चाललंय आणि डावा पंख सेकंदाला ३० अंशांनी खाली पडतोय. मध्यापासून ४ मीटरवरच्या पट्ट्याला खालून हवा लागते, त्याचा अँगल ऑफ अटॅक साडेचार अंशांनी वाढतो. उजवीकडच्या तशाच पट्ट्याचा तेवढाच कमी होतो. एरवी हे चांगलंच: खाली पडणाऱ्या पंखाला जास्त लिफ्ट मिळते आणि पडणं थांबतं. पण स्टॉलच्या पलीकडे कोन वाढला की लिफ्ट घटते. पडणारा पंख आणखी पडतो, चढणारा आणखी चढतो. गिरकी स्वतःच स्वतःला पोसायला लागते.

आमच्या फाइलमध्ये हे झालं तेव्हा दोघंही खुर्चीतून उठलो. स्पिन लिहून ठेवलेला नव्हता. पट्ट्यांच्या बेरजेतून आपोआप उगवला. ही तुकडेवाल्या पद्धतीची खरी ताकद. नंतर पट्ट्यांना पिळा दिला, टोकाकडे कोन थोडा कमी, जसा सेसनाच्या पंखात असतो. मुळाकडचा भाग आधी स्टॉल होऊ लागला आणि पंख पडायला बराच आळशी झाला.

पण गिरकी किती वेगाने, नाक किती खाली, सावरायला किती फूट लागतील, यावर या फाइलचा काडीचाही भरवसा नाही. स्टॉलनंतरच्या लिफ्टचे आकडे मी अंदाजाने भरलेत. शेपटीवर पंखाची सावली पडते, ती यात नाही. बाजारातल्या प्रोग्रॅमांचंही इथे कमी-अधिक असंच आहे, फक्त त्यांचे अंदाज जास्त हुशार माणसांनी केलेले.

मोठे सिम्युलेटरसुद्धा इथे फार काळ अडखळत होते. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं क्यू४०० हे प्रवासी विमान पडलं, ५० माणसं गेली. स्टॉलचा इशारा आल्यावर कॅप्टनने दांडा पुढे ढकलायच्या ऐवजी मागे ओढला. तोपर्यंत पायलटांचा सराव बहुधा इशाऱ्यापर्यंतच होता. पुढे जायचं म्हटलं तर सिम्युलेटरकडे तिथले भरवशाचे आकडेच नसत. पूर्ण स्टॉलचा सराव सक्तीचा झाला आणि त्यासाठी सिम्युलेटरचे नियम एफएएने २०१६ मध्ये बदलले. म्हणून सोफ्यावर बसून "याचा स्पिन रिअल आहे" म्हणणाऱ्याला मी आता एवढंच विचारतो: कशाशी ताडून?

१४ जून

ग्राउंड इफेक्ट. जमिनीजवळ पंखाचा प्रेरित ड्रॅग, म्हणजे लिफ्टसोबत येणारा ड्रॅग, घटतो. पंखाच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढ्या उंचीवर सुमारे २३.५ टक्के, दहाव्या भागावर ४७.६ टक्के. सेसनाचा पंख ३६ फुटांचा आणि माथ्यावर. चाकं टेकलेली असतानाही तो जमिनीपासून सातेक फुटांवर असतो. म्हणजे दहाव्या भागापर्यंत तो कधी पोचतच नाही. खालचा पंख असलेलं विमान उतरताना जास्त तरंगतं ते यामुळे. फाइलमध्ये दोन ओळी घातल्या, झालं.

२१ जून

दादाचं वाक्य: हातात येत नाही.

खऱ्या सेसनात दांडा वायरींनी थेट एलेव्हेटरला, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या आडव्या फळीला, जोडलेला. हवा एलेव्हेटरला परत ढकलते, आणि ते ढकलणं वेगाच्या वर्गाने वाढतं. ६० नॉटला जो दांडा एका बोटाने हलतो, तोच १२० ला साधारण चौपट जड. पायलटला वेग काट्यात बघण्याआधी तळहातात कळतो. आमच्या जॉयस्टिकमध्ये एक स्प्रिंग आहे. ती उभ्या विमानातही तेवढीच जड आणि डाइव्हमध्येही तेवढीच.

ट्रिमचं तर पूर्ण उलटं होतं. खऱ्या विमानात दांडा हवा तिथे धरायचा, ट्रिमचं चाक फिरवायचं, जोर हळूहळू शून्यावर येतो, दांडा तिथेच राहतो. स्प्रिंगच्या जॉयस्टिकवर दांडा धरून ट्रिम फिरवलं की दांडा मधे परत आणावा लागतो, नाहीतर विमान भलतीकडे जातं. दादाची मनगटं इथेच फसली. गणिताने विमान बरोबर चालत होतं, पण शरीर जे शिकलंय ते वापरताच येत नव्हतं.

माझं मत आता पक्कं होत चाललंय. नेहमीच्या उड्डाणाच्या हद्दीत आजच्या घरगुती सिम्युलेटरचं भौतिक हस्तपुस्तिकेइतकं खरं करता येतं, आणि ते चार रविवारांत कोणीही तपासू शकतो. त्या हद्दीत जे खोटं 'वाटतं', त्यातलं बरंचसं समीकरणांत नाही, स्प्रिंगमध्ये आणि पडद्यात आहे. पडद्याचंच बघा: २४ इंची मॉनिटर ६० सेंटिमीटरवरून बघितला तर तो डोळ्यात भरतो फक्त ४८ अंशांएवढा. त्यात सिम्युलेटर त्याहून रुंद दृश्य कोंबतो, म्हणून धावपट्टी लहान आणि लांब दिसते, आणि उतरताना नाक कधी उचलायचं ते चुकतं. शिव्या मात्र लँडिंग गिअरच्या भौतिकाला. (त्या भौतिकालाही थोड्या शिव्या द्यायला हरकत नाही, जमिनीवर, बाजूच्या वाऱ्यात, टायरचं वागणं मला कुठेच पटलेलं नाही.)

२८ जून

पाऊस लागला. तापमान उतरलं, कुलर बंद.

भाच्याने जुन्या प्रिंटरमधली मोटर काढून जॉयस्टिकच्या बुडाला जोडलीय. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात तिला करंट द्यायचा, म्हणजे १२० नॉटला दांडा जड होईल. सध्या ती जड होण्याऐवजी गुरगुरते. मोटरमधले चुंबकांचे खटके बोटांना लागतात. दातेरी पट्टा आणि मोठी पुली लागेल. सियागंजात बघायला हवं.

दादाच्या ओळखीचे एक इन्स्ट्रक्टर आहेत. त्यांनी कबूल केलंय की ढग निवळले की शिकाऊ उड्डाणानंतर १७२ सुरक्षित उंचीवर ६५ नॉटला ट्रिम करतील, नाक उचलून सोडतील आणि वेगाच्या घड्याळाचा व्हिडिओ काढतील. बाहेरचं तापमान आणि उंची बोलून रेकॉर्ड करायला सांगितलंय. व्हिडिओ आला की लँचेस्टर, फ्लाइटगियर आणि आमची फाइल, तिघांचेही हेलकावे त्याच आलेखावर काढायचे.